आलोच, दोन मिनिटं

सोमवार, ४ तारीख

आलो बुवा एकदाचे! खोकी अजून सुटलेली नाहीत, पण टिल्लीने, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या कन्यारत्नाने, खिडकीजवळचा पलंग बळकावलासुद्धा. घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक बिनखिडकीची खोली. तिथे मी माझे संगणक मांडले. घरमालक बोलका माणूस. आधीचा भाडेकरू वीस वर्षं राहिला, बाहेर म्हणून पडायचा नाही, पण जाताना डोक्यावर एक पांढरा केस नव्हता म्हणे. मी म्हटलं, हवा चांगली दिसते इथली.

ताई, माझी थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहते. टिल्लीची शाळेची ने-आण तिने आपणहून अंगावर घेतली. बायको जाऊन तीन महिने झाले. ऑफिसने हवी तेवढी रजा दिली आहे. ताई म्हणते, रडून घे एकदाचं. बसलो होतो प्रयत्न करायला, नाही जमलं. मग भांडी लावली.

बुधवार, ६ तारीख

कामाला लागलो. बायकोचे व्हिडिओ फोनवर थोडे, लॅपटॉपवर थोडे, जुन्या संगणकावर बरेच. सगळे एका जागी आणून ओळीने लावायचे आहेत, लग्नापासून शेवटपर्यंत. पण घड्याळांनी वात आणलाय. या घरात प्रत्येक यंत्र मागे पडतं. हाताने वेळ लावली, तासाभरात पुन्हा मागे. जुन्या संगणकातला घड्याळाचा चपटा सेल बदलला. फरक शून्य. मधूनच यंत्रं बाहेरून, इंटरनेटवरून, खरी वेळ आणतात आणि एकदम पुढे उडी मारतात, की माझ्या सगळ्या फायली पुढच्या मागे.

टिल्ली सापशिडी घेऊन दारात उभी होती. आलोच, दोन मिनिटं, म्हणालो. उठलो तेव्हा ती पटावरच झोपली होती. ताई येऊन तिला घेऊन गेली. तुझं बस्तान बसेपर्यंत राहू दे माझ्याकडे, म्हणाली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, ८ तारीख

सापडलं! बाहेरच्या वेळेची वाटच बंद करून टाकली. आता जुना संगणक हा घरातला वडीलधारा, बाकीच्यांनी वेळ त्यालाच विचारायची. राउटरलाही तेच सांगितलं. दुपारपासून सगळ्यांचं एकमत. एका सेकंदाचाही फरक नाही. लग्नाचे व्हिडिओ लावून झाले. किती हसायची ती!

रविवार, १० तारीख

टिल्ली भेटून गेली. समोरचे दोन दात पूर्ण आले आहेत. परवा तर तिथे खिंडार होतं. ताईला विचारलं तर ती भडकलीच. दात येऊन वर्ष झालं, पोरीकडे कधी डोळे उघडून बघतोस का, म्हणाली. चुकलं म्हटलं. फ्रॉकही नवा होता, की टिल्लीच उंच झाली आहे?

मंगळवार, १२ तारीख

टिल्ली आली. माझ्या खांद्याला लागते. कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणाली. मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

ती गेल्यावर खोदून पाहिलं. चूक माझीच. राउटर वेळ विचारतो जुन्या संगणकाला. आणि जुना संगणक, हे मी बदलायचं विसरलो, विचारतो राउटरला. दोघं एकमेकांना विचारतात, एकमेकांना हो म्हणतात. बाहेरचं कुणी नाहीच. घर बाहेरच्या मागे पडत चाललंय आणि सांगणारं कुणी नाही. भीती वाटायला हवी.

तारीख — संगणक म्हणतो १३

बाहेरची वाट पुन्हा उघडली. पडद्यावर एकच ओळ आली: फरक फार मोठा आहे, वेळ जुळवता येणार नाही. थोडा फरक असेल तर यंत्र सावरून घेतं. फार झाला की हात वर करतं. पुन्हा केलं. तीच ओळ.

चपला घातल्या. दार उघडलं तर टिल्लीच समोर. साडी नेसलेली, डोळे सुजलेले. ताई गेली म्हणाली. शेवटपर्यंत माझी वाट बघत होती म्हणे. मला रडू आलं नाही. टिल्ली म्हणाली, असाच चल माझ्याबरोबर, आत्ता. निघालोच होतो. पण आत बायकोचा शेवटचा व्हिडिओ तसाच राहिला होता, तो मात्र —

दोन मिनिटं म्हणालो फक्त.

परत आलो तर दार उघडं. जिना रिकामा. पायऱ्यांवर धूळ.

तारीख — ठाऊक नाही

शेवटचा व्हिडिओ लावला. त्यात ती माझ्याशी बोलतच नाहीये. टिल्लीला म्हणतेय, बाबाला हाक मार, तो ऐकत नसतो —

दारात बाई आहे. चष्मा. केस पांढरे. माझ्या आईच्या वयाची. मला बाबा म्हणतेय.

टिल्ली.

एका हाताने चौकट धरलीय. दुसरा हात माझ्याकडे. आत यायला घाबरते. म्हणते, आता मला पुन्हा जिना चढवणार नाही, ऊठ —

रडू आलं. आत्ता. इतक्या — पान ओलं झालंय, अक्षर फुटतंय. उठतोय. हे एवढं लिहून ठेवतो, तिला सांगितलंय, एवढीच ओळ —

हाक थांबली.

वर पाहिलं. उंबऱ्यावर चष्मा पडलाय. काचेवर धूळ —

टिल्ली, आलो गं, आलोच, दोन मि