जपून ठेवलेल्या पाटल्या

आखाडा बाळापूर,
१० एप्रिल १९४०

चि. सौ. आशाबाईस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या किसनकाकांनी मोटार घेतली. तिच्यावर कावळा बसला तरी भाऊजी धोतर सावरत पळतात. शेतीची कामं उरकली, आता सुट्टी म्हणून सगळ्यांनी पुसदला हवा खायला जायचं आहे. पैनगंगा ओलांडून निजामाचा मुलूख संपला, की इंग्रजांच्या वऱ्हाडात हवासुद्धा चाळून मिळते, असं त्यांना वाटतं. वाटेत तुझ्या लेकीचं बारसं.

पुढं भाऊजी आणि तुझी शालूकाकू. मलाही नेणार आहेत, मागच्या बाजूला, फराळाच्या डब्याशेजारी. डबा सांडू न देणं हे माझं काम. तुझे बाबा गेल्यापासून मला पुढं बसायची सवय न्हाई, डब्याची सोबत चालेल. त्यांच्या उपरण्याची मऊ कुंची शिवली आहे. लेकराच्या डोक्यावर ती घातल्याशिवाय मी परतणार न्हाई.

तुझ्या सासरी सर्वांना नमस्कार. जवळ आहे तो सगळा लोभ तुलाच.
आई

शेंबाळपिंपरी,
१४ एप्रिल १९४०

ती. गं. भा. आईच्या चरणी आशाचा दंडवत. वि. वि.

सासूबाई म्हणाल्या, कुंची सवाष्णीनंच घालायची. शालूकाकूंनी घालावी, तुझ्या आईनं माजघरात बसावं. माझ्या तोंडात तेव्हा काढा होता. उत्तरं नंतर पुष्कळ सुचली.

काकू तुझ्या पाटल्या घालून येणार असतील. बाबा गेल्यावर जपून ठेवते म्हणून नेल्या, तेव्हापासून त्यांच्याच हातात जपल्या जातात. लेकरू बाबांसारखं भुवया वर करून बघतं. तू येच.

माया अशीच राहू दे.
आशा

आखाडा बाळापूर,
२२ एप्रिल १९४०

चि. सौ. आशाबाईस आशीर्वाद. वि. वि.

मोटार बिघडली, असं मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं, ते खोटं. मोटार धडधाकट होती, काका बिघडले होते.

नदीअलीकडच्या जकात नाक्यावर मुन्शीनं शालूच्या हातांकडे बघून सहज विचारलं, वापरातलं आहे ना. व्हय म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण भाऊजींच्या नव्या कोटाला ते सोसलं न्हाई. म्हणाले, वापरातलं कसलं, परवाच हिंगोलीच्या सोनाराकडून घडवून आणलंय, सगळं कोरं. मुन्शी म्हणाला, कोरं असेल तर माल झाला, जकात पडेल, उतरा खाली.

मग त्यानं मला विचारलं, माय, हे खरं का. पाटलीवर तू लहानपणी चावून पाडलेला खळगा मला तिथूनही दिसत होता. मी म्हणाले, भाऊजी सांगतात तर नव्याच असतील. माझ्या अंगावर बघण्यासारखं काही नव्हतं. मला जा म्हणाला. कुंची पदरात बांधून तांड्यातल्या बाबूसिंगच्या बैलगाडीत बसले.

पुढचं तू पाहिलंस. शालूची वाट बघता बघता लेकरू रडून लाल झालं, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी तो होकार समजले. कुंची बराबर बसली. लेकरानं भुवया वर केल्या. मी घरी येऊन चुलीपुढं रडले. तिथं धुराचं निमित्त मिळतं.

परतताना मोटार अजून नाक्यावरच, फराळाचा डबा रिकामा. मला बघताच भाऊजी ओरडले, पाटल्या जुन्या आहेत, या वहिनीच्याच आहेत, विचारा यांना. मी खळगा दाखवला. सुटका झाली. मग मुन्शी, शिपाई, बाबूसिंग सगळ्यांसमोर मी हात पुढं केला. म्हणाले, शालू, तू पुष्कळ जपल्यास, आता दे. तिनं काढून दिल्या. घरापर्यंत शालू मागं, रिकाम्या डब्याशेजारी. मी पुढं बसले होते.

पाटल्या मी घालणार न्हाई. दिवाळीला लेकीला घेऊन ये, जाताना हातात घालून जा. नाक्यावर विचारलं तर खरं सांग, जुन्या आहेत, आईच्या. तोवर तिला दात आलेले असतील. पाटली तोंडात घातली तर काढून घेऊ नकोस. तिचाही एक खळगा पडू दे.

तुम्हा दोघींची वाट बघणारी,
आई