घुबडाच्या जागी चष्मे

३ मार्च, सोमवार. सायंकाळी ७.
आजपासून रोजनिशी. आयुष्यातले निर्णायक बारा दिवस सुरू झाले आहेत. पुढे कोणी विचारलं तर लेखी पुरावा हवा.

नवे साहेब आज आमच्या तळघरात उतरले. आमचं खातं म्हणजे बस कंपनीचं 'हरवलेल्या वस्तू'. लोक बसमध्ये जे जे विसरतात, ते ते आमच्याकडे येतं. खात्यात माणसं दोनच, मी आणि ताई. साहेब म्हणाले, एवढ्याशा कामाला दोघं कशाला, १७ तारखेपासून एकच खुर्ची राहील. १४ तारखेला ते तक्रारअर्जांतून दहा वस्तू काढणार, पाच मला, पाच ताईंना. जास्त शोधेल तो राहील. दुसरा धुलाई शेडमध्ये, बस मोजायला.

अठरा वर्षं या खुर्चीत काढली. शेडमध्ये दिवसभर पाणी, आणि माझे गुडघे हे असे. पण घाबरायचं कारण नाही. नजर हा माझा प्रांत. ड्रायव्हर लोक मला 'दुर्बीण' म्हणतात. आदराने.

ताईंचं सगळं रजिस्टरवर चालतं. नजर अशी नाहीच.

४ मार्च, मंगळवार.
कन्येला सहज विचारलं, नजर तेज करायला कॉम्प्युटरवर काही मिळतं का. तिने जाहिरात दाखवली : 'बारा रहस्यांचा महासंच'. लपलेल्या वस्तू शोधायचे बारा खेळ, एकत्र घेतले तर सवलत. सवलत कधीपर्यंत? १४ तारखेपर्यंत! याला मी योगायोग म्हणत नाही.

अर्थात, जाहिरातीला भुलणारा मी नव्हे. आधी अभ्यास, मग खरेदी. पहिला खेळ तासभर फुकट खेळता येतो. ही म्हणाली, घ्यायचा तर घ्या, नाहीतर सोडा, पण जेवताना तो विषय नको. संशोधन म्हणजे काय हे हिला कधी कळलंच नाही.

५ मार्च, बुधवार.
पहिला खेळ : काउंटच्या बंगल्यातला खून. दिवाणखान्याचं चित्र, त्यात शे-दीडशे वस्तू कोंबलेल्या, खाली वीस वस्तूंची यादी. घुबड, मेणबत्ती, कात्री, किल्ली वगैरे. सापडली की क्लिक करायचं, वस्तू गायब. कोपऱ्यात 'इशारा' नावाचं बटण. ते दाबलं की वस्तू चमकते. मग अर्धा मिनिट थांबायचं, बटण परत भरतं.

वीसपैकी वीस सापडल्या! (इशारे एकोणीस. बटण वापरण्यासाठीच दिलेलं असतं.) खून कोणी केला ते कळलं नाही. फुकटच्या तासात खुनी येत नाही.

६ मार्च, गुरुवार.
एका ईमेलला एकच तास. म्हणून आज हिच्या ईमेलवरून. पुन्हा तोच दिवाणखाना. इशारे फक्त अकरा. प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी.

ऑफिसात एक बाई चष्मा शोधायला आल्या. ताई रजिस्टर उघडेपर्यंत मी चष्मा काढून हातात दिलासुद्धा. बाई खूश. ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

७ मार्च, शुक्रवार.
कालच्या बाई परत आल्या. चष्मा त्यांचा नव्हता म्हणे. तो घालून दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवली, वगैरे बरंच बोलल्या. माझा मुद्दा साधा आहे : चष्मा सापडला होता. कोणाचा, हा पुढचा प्रश्न. ताईंनी रजिस्टर बघून त्यांचा त्यांना दिला. वर खुर्ची देऊन पाणीही दिलं. माणसांना फार डोक्यावर बसवतात.

संध्याकाळी कन्येच्या ईमेलवरून तिसरा तास. सहा इशारे.

८ मार्च, शनिवार.
सासूबाईंना ईमेल नव्हता, काढून दिला. जावई किती करतो म्हणून त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या तासात एकही इशारा नाही. एक्केचाळीस सेकंद!! एवढ्या जोरात ओरडलो की ही धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही एकच चित्र पाठ केलंय, बाकीच्या अकरा खेळांत चित्रं वेगळी आहेत. मोठ्यांचं यश या पिढीला बघवत नाही.

पण मग विचार आला. तो दिवाणखाना मला पाठ आहे. तळघर पाठ नाही. मग तळघराचाच दिवाणखाना केला तर? अंगावर काटा आला.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.
वॉचमनला साफसफाई आहे म्हणून सांगितलं आणि सकाळपासून तळघरात एकटा. सातशे वस्तू शास्त्रशुद्ध लावल्या. घुबडाच्या जागी, म्हणजे डावीकडच्या कपाटावर, चष्मे : दोन्हीत डोळ्यांचाच कारभार. मेणबत्तीच्या जागी छत्र्या : दोन्ही उभ्या. कात्रीच्या जागी मोबाइल : दोन्ही लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. किल्लीच्या जागी किल्ल्या, हे उघडच आहे. बॅगांची थोडी अडचण झाली. खेळात बॅग नाहीच. त्या मावतील तिथे कोंबल्या.

निघताना लक्षात आलं, ताईंच्या रजिस्टरमधले कप्प्यांचे नंबर आता कशालाच जुळत नाहीत. तो हेतू नव्हता. नव्हता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१० मार्च, सोमवार.
ताई आल्या आणि दारातच थबकल्या. मग म्हणाल्या, आवरलंत वाटतं. मी म्हटलं, शास्त्र आहे. त्यांनी कोरं रजिस्टर काढलं, पहिल्या कपाटासमोर स्टूल ओढलं आणि नव्याने लिहायला बसल्या. मी पाचला निघालो तेव्हा तिसऱ्या कपाटावर होत्या.

शेडची पाळी पहाटे पाचला सुरू होते. ताईंचे सासरे अंथरुणावर. त्यांचं सगळं उरकून त्या दहाला येतात. त्यांना शेड कसं जमणार, याचा मी विचार करून बघितला. मग थांबवला. स्पर्धा ही स्पर्धा असते.

१२ मार्च, बुधवार.
ताईंचं लिहिणं चालूच. मध्येच विचारलं, चष्म्यांखाली हा खेळण्यातला घोडा का? म्हटलं, घुबडाखाली घोडाच असतो. मला ताप आहे का, अशा नजरेने बघितलं आणि थर्मासमधला अर्धा चहा मला दिला. बिचाऱ्या. चहा चांगला होता.

१३ मार्च, गुरुवार.
संच घ्यावा की नाही? सवलतीचा उद्या शेवटचा दिवस, निर्णय आजच हवा. जमेच्या बाजू : एकाग्रता वाढते, घरात शांतता राहते (ही आठवडाभर माझ्याशी धड बोललेली नाही), सासूबाईंना ईमेल मिळाला. उणी बाजू : खुनी सापडत नाही. आणि जे चाखून पाहिलं नाही ते अकरा खेळ कसे असतील, देव जाणे. कन्येचं म्हणणं, ते अकराच तर खरे उपयोगाचे. ही म्हणाली, उद्या खुर्ची राहिली तर घ्या आणि गेली तर अजिबात घेऊ नका. मला तत्त्वतः मान्य आहे.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.
नाडीचे ठोके संथ. ताईंची दया येते आहे.

दुपारी ३.
लिहायचं मन नाही, पण लिहितो.

आधी ताई. चिठ्ठी निघाली, काळी छत्री. त्या थेट निळीकडे गेल्या. म्हणाल्या, घाईतल्या माणसाला आपली छत्री काळीच आठवते. मुठीवर मालकिणीचं नाव निघालं. पाचही वस्तू अकरा मिनिटांत.

मग मी. पहिली चिठ्ठी, तपकिरी बॅग. दुसरी, बॅग. तिसरी, पिशवी. चौथी, बॅग. लोक बसमध्ये घुबडं विसरत नाहीत, बॅगा विसरतात! तळघरातल्या सातशे वस्तूंत चारशे बॅगा, आणि त्या कुठे कोंबल्या होत्या ते मला काही केल्या आठवेना. तोंडातून निघून गेलं, साहेब, इशारा. साहेब म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही, आणि सवयीने अर्धा मिनिट थांबलो.

पाचवी चिठ्ठी, किल्ल्यांचा जुडगा. तो सापडला. पाचपैकी एक.

साहेबांनी विचारलं, या खोलीचा हा उकिरडा कोणी केला? माझ्या आधी ताई बोलल्या. म्हणाल्या, आम्ही दोघांनी मिळून आवरायला काढली होती साहेब, अर्धवट राहिली. मी मान हलवली. मला लाज वाटली. इतकी लाज यापूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

सायंकाळी ६.
अपयशाचं शांतपणे विश्लेषण केलं. कारण एकच : तयारी एकाच खेळावर केली. बाराही हाताशी असते तर आज चित्र वेगळं असतं. संच घेतला. हिला अजून सांगितलेलं नाही.

१५ मार्च, शनिवार.
दुसरा खेळ उघडला, बुडालेलं जहाज. सत्तावीस वस्तू. चाळीस मिनिटांत एक नांगर सापडला, तोही कन्येने दाखवला. तिसरा, सर्कस. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग काउंटचा दिवाणखाना. एकोणचाळीस सेकंद. नवा विक्रम.

अंतिम मत : संच घेण्याजोगा आहे. बारापैकी एक खेळ उत्कृष्ट.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११.
शेडचा पहिला दिवस. काम पोरखेळ आहे. धुवायला आलेल्या बस मोजायच्या आणि आकडा गेटच्या नोंदीशी ताडून बघायचा. गेटवर नोंद चौसष्टची. यार्डात गुडघ्यांना पाणी लागतं, म्हणून मागच्या रांगेतल्या एका बसमध्ये चढलो आणि मागच्या सीटवरूनच मी मोजल्या, त्रेसष्ट. परत मोजल्या, त्रेसष्ट. बसल्या जागेवरूनच खिडक्यांतून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक बसवर बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजल्या. त्रेसष्ट!

चाळीस फुटी बस अशी हवेत विरत नाही. चोरी आहे, आणि पहिल्याच दिवशी मी पकडली. साहेबांना फोन केला. साहेब सगळं सोडून निघाले आहेत. दोन्ही गेटं बंद करायला लावली. धुलाई थांबली आहे. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर बसल्या जागी इथे नोंदवून ठेवतो. आता कळेल सगळ्यांना नजर म्हणजे काय.

११.२०.
साहेब आले. यार्डभर शोधाशोध चालू आहे. एक ड्रायव्हर पाइप हातात घेऊन माझ्याच खिडकीची काच वाजवतोय. म्हणतोय, दुर्बीण, खाली उतरा, ही एवढी धुऊन टाकतो. मी काच सरकवून त्याला विचारलं, ही तू मोजलीस का. तो म्हणाला, मी कशाला मोजू, तुम्ही मोजलीत ना?