हलकं राहण्याचं कारण

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, वजन तर मीही उतरवलं होतं, पण माझं सगळं व्याजासकट परत आलं. तुझं दोन वर्षं जागेवर कसं?" मी हसले आणि विषय बदलला. तेव्हा उत्तर द्यायची मनाची तयारी नव्हती. आज दुकानाला सुट्टी आहे, तुझे भाऊजी केस कापायला गेलेत आणि टेबल मोकळं आहे, म्हणून लिहायला बसले. जरा लांबण लागेल. चहा घेऊन बस, बिस्किटं मात्र डब्यातच राहू देत.

आधी तुझा एक गैरसमज काढते. माझ्यात निग्रह-बिग्रह काही नाही. तू मला तुझ्या जन्मापासून ओळखतेस. साखरेच्या डब्याला मुंग्यांच्या आधी माझा हात लागायचा. आजही केक समोर आला की तोंडाला पाणी सुटतं. म्हणून मी जिभेशी वाद घालतच नाही, वाद घातला की ती जिंकते. त्यापेक्षा घराचीच रीत बदलली. आमच्याकडे आता पातेलं टेबलावर येत नाही. ओट्याशी वाढून घ्यायचं, ताट घेऊन बसायचं, आणखी हवं असेल तर उठून आत जायचं. निम्म्या वेळा उठायचा कंटाळा येतो आणि आळस माझं काम करून टाकतो. उभ्याने काही खायचं नाही. आणि भाऊजींच्या ताटात उरलेलं "वाया जाईल" म्हणून तोंडात टाकायचं नाही. पूर्वी घरातलं सगळं उरलंसुरलं माझ्याच पोटात जायचं, आणि वर मी म्हणायची की मी तर काहीच खात नाही. सकाळची न्याहारी मात्र कधी चुकवत नाही. ती चुकवली की अकराच्या सुमाराला मी कुणाच्याही डब्यावर डल्ला मारायला तयार असते.

पडद्यांच्या दुकानात खायचे बहाणे किती असतात हे तुला माहीत नाही. माप घ्यायला गेलं की घरची बाई चहा टाकते. पडदे लागले, खोलीला रंगरूप आलं की खूश होऊन बश्या भरते. "एवढ्याने काय होतंय" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता बाई तोंड उघडायच्या आधीच माझं उत्तर तयार असतं: चहा द्या, बिनसाखरेचा द्या, आणि केकचं काम आमच्या फिटरकडे द्या. आमचा फिटर म्हणजे तो उंच, सगळे त्याला ताडमाड म्हणतात. तो दोन माणसांचं खातो आणि त्याच्या अंगाला काही लागत नाही, हा देवाचा पक्षपात. सुरुवातीला तो मला चिडवायचा, "बाई, अशाच वाळत गेलात तर तुम्हालाही दांडीला अडकवावं लागेल." आता तोच माझा डबा आठवणीने गाडीत ठेवतो. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची, दुकान बंद करून घरी येतानाची. कोपऱ्यावरच्या बेकरीत नेमका तेव्हाच ताजा पाव निघतो. त्यावर उपाय एकच सापडला: शटर ओढायच्या आधी एखादं फळ आणि दही खाऊन घ्यायचं. पोटात काही असलं की बेकरीवरून सरळ पुढे जाता येतं.

काटा दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी. रोज नाही, रोज चढले तर दिवसभर त्याच्याच तालावर नाचत बसेन. गेल्या हिवाळ्यात सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा आम्ही दोघं महिनाभर तिथल्या कँटीनवर जगलो, तळलेलं खाऊन आणि गोड चहा पिऊन. त्या घरी आल्या आणि मी काट्यावर उभी राहिले, तर चार किलो परत आलेले. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, गेलं सगळं पाण्यात, आता काय उरलंय, आणा तो केक. नाहीतर आठवडाभर काकडीवर काढला असता आणि आठव्या दिवशी तुटून पडले असते. तू हेच करतेस ना? मी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीची न्याहारी केली, नेहमीचा डबा भरला, रात्री नेहमीसारखी चालायला गेले. स्वतःला शिक्षाही केली नाही आणि मोकळंही सोडलं नाही. उन्हं तापायला लागेपर्यंत काटा मुकाट्याने मागे आला. वजन उतरवायला जोर लागतो, टिकवायला फक्त दुसरा दिवस नेहमीसारखा काढता यायला लागतो. हे मला त्या महिन्याने शिकवलं.

रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं बाहेर पडतो. पूर्वी भाऊजी टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. आता माझ्याआधी चपला घालून दारात उभे असतात. वेगात चालत नाही, बोलता येईल इतकंच चालतो. सकाळी चहा उकळेपर्यंत मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते. दमछाक होईपर्यंत काहीही करायचं नाही, थकले की थांबायचं, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावून ठेवलंय. इथे तू भुवया उंचावल्या असशील. नुसतं वजन टिकवायला फिजिओथेरपी कशाला? तेच सांगायला बसलेय.

तीन वर्षांपूर्वी एका दंतवैद्यांकडे पडदे लावायचे होते. ताडमाड रजेवर होता, खिडकी फार उंच नव्हती, म्हणून मीच शिडी लावली. दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर पाय जाईना. दुखत नव्हतं, मुंग्या आल्या नव्हत्या, नुसता जाईना. मग मी तळहात मांडीवर ठेवला, खाली रेटा दिला आणि शरीर वर ढकललं. समोर काचेचं कपाट होतं. त्यात मी स्वतःला बघितलं आणि पडद्याची गुंडाळी हातातून सुटली. भिंगरी, काचेत आई होती. तीच मान पुढे काढलेली, तोच हात मांडीवर, तेच ओठ आवळलेले. आई जिना अशीच चढायची. बाबा म्हणायचे, जाडी वाढलीय. शेजारच्या काकू म्हणायच्या, सवय मोडलीय. आईच म्हणायची, आळशी झालेय गं मी. कुणी तिला नीट तपासलंच नाही. बसून बसून ती आणखी जड झाली आणि जड झाली म्हणून आणखी बसली.

ती दुपार आपण दोघींनी परत कधी बोलून दाखवली नाही, म्हणून आज लिहिते. आईला पलंगावरून खुर्चीत बसवताना तुझ्या पाठीत कळ गेली आणि आपण तिघी जमिनीवर आलो. आधी आईच हसली. म्हणाली, "बघा, नुसतं बसून एवढं खाते ही बया." आपणही हसलो. मग तुला उठता येईना हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवसापासून ती निम्मं ताट सरकवायला लागली. भूक नाही, तोंडाला चव नाही, सकाळचंच जिरलं नाही. तुला पाठीला पट्टा बांधून झोपवलं होतं, तुला हे दिसत नव्हतं. मी तिला एकदा दटावलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्हाला उचलायला हलकी होते गं." उपाशी राहून ती हलकी झाली खरी, पण अंगात होती नव्हती ती ताकदही गेली, आणि मग खुर्चीसुद्धा सुटली, शेवटपर्यंत ती पलंगावरच राहिली.

त्या काचेसमोर मी दोन गोष्टी ठरवल्या. मला उचलायची वेळ आलीच, तर उचलणाऱ्याची पाठ जाता कामा नये. आणि त्यासाठी मी आईसारखी उपाशी राहणार नाही. नीट जेवून, हळूहळू, अंगातली ताकद राखून हलकी होईन आणि तशीच राहीन. लोकांना वाटलं मला या वयात नटायची हौस आलीय. वाटू दे म्हटलं. पहिल्या डॉक्टरांनीही वजनावरच बोट ठेवलं होतं. वर्षभरात वजन उतरलं, मांडी मात्र होती तशीच राहिली, तेव्हा मी दुसरीकडे गेले. मग तपासण्या सुरू झाल्या. भाऊजींना सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. फिजिओच्या बाईंनी त्यांना माणूस कसा उचलायचा ते शिकवलंय: पाठ ताठ, गुडघे वाकवून, अंगाशी धरून. परवा दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर सराव करत होते आणि गठ्ठ्याला विचारत होते, "लागलं नाही ना?" मी दारामागे उभी राहून पोटभर हसले.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या दुखण्याचं नाव सांगितलं. स्नायूंचा आजार आहे, पिढीजात आहे, फार सावकाश चालतो. आईला तोच असणार, असं त्या म्हणाल्या. मला अजून बरीच वर्षं चालता येईल, आणि वजन आवरलं म्हणूनच येईल, हेही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, भावंडं किती? आईकडून तो प्रत्येक लेकराकडे येण्याची शक्यता निम्मी असते. आणि परवा फोनवर वजनाची तक्रार करता करता तू म्हणालीस, हल्ली बसमध्ये चढताना मांडीला हाताने रेटा द्यावा लागतो. म्हणूनच मी विषय बदलला. बोलले असते तर रडले असते, आणि रडणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही. कदाचित ते नुसतं वजनच असेल, तसं निघालं तर मी तुझ्याकडे बसून केक खाईन. पण आईसारखं तुला कुणाच्या अंदाजावर सोडणार नाही. तुझ्याच गावातल्या स्नायूंच्या डॉक्टरांकडे सोमवारी दुपारची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. मी सकाळच्या गाडीने येते, तुझ्या शेजारी बसते, जे काय असेल ते दोघी मिळून ऐकू. नको म्हणू नकोस, तिकीट काढून झालंय. तोवर एकच कर: घाबरून जेवण टाकू नकोस. पत्र वाचून झालं की ऊठ, ताट वाढून घे आणि बसून नीट जेव.

तुझीच, आणि सोमवारी तुझ्या दारात उभी असणारी,
ताई