काठोकाठ

३ मे, सकाळ
आजपासून कॉमेंट वाचणं बंद. कलाकाराने व्हिडिओच्या खाली बघूच नये.
आमच्या रेशमाच्या मर्गिलान शहरात खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारे छप्पन आहेत, पण हिरव्या चहाची अशी धार कोणाला जमलेली नाही. पाहुणे म्हणून सासरे बसले होते. त्यांचा पियाला मी काठोकाठ भरला. अर्धाच भरतात हे मलाही ठाऊक आहे, पण अर्धा पियाला स्क्रीनवर रिकामा दिसतो. सासरे लगेच टोपी चढवून निघाले. मागावर काही अडलं असेल, रेशीम विणतात ते.

३ मे, दुपार
फक्त आकडा बघायला गेलो. २१४ कॉमेंट. नजर पडली, त्याला मी काय करू? कोणी ‘तंदूर_६६’ लिहितो, "भरला पियाला हातात दिला म्हणजे ‘उठा आता’. लाज वाटत नाही, सासऱ्याला हाकलतोस?"
जळतात लोक.

४ मे
तंदूरला ब्लॉक केलं. मनःशांती.
दहा मिनिटांत ‘तंदूर_६७’ आला.

६ मे
उत्तराचा व्हिडिओ टाकला. अत्यंत संयमी, अकरा मिनिटांचा. मुद्दा एकच: अर्धा पियाला अर्धं प्रेम, भरला पियाला भरलं प्रेम.
बायको, मफ्तुना, म्हणाली, "अहो, जगाला कसलं पटवताय? बाबांना एक फोन करा की." तिला या माध्यमातलं काही कळत नाही.

९ मे
मफ्तुना बाळाला घेऊन माहेरी गेली. आईला मदत करायला, म्हणे. व्ह्यूज वाढताहेत. शिव्या द्यायला येतात तेही प्रेक्षकच.
घर शांत आहे, एडिटिंगला उत्तम. बाळाची दुपटी घडी करून ठेवली. मग पुन्हा वाळत घातली. करमत नाही.

१३ मे
रविवारी बाळाला पाळण्यात घालायचं. पाळणा बाळाच्या आजोळहून येतो. तीन कॅमेरे ठरवले, म्हणून सासूबाईंना वेळ विचारायला फोन केला. म्हणाल्या, "पाळणा रंगवून तयार आहे. पण हे म्हणतात, ज्या घरातून उठवलं तिथे कशाला जायचं?"
मी म्हटलं, कॉमेंट वाचून डोकं फिरतं माणसाचं. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, जावईबापू."

१५ मे, सकाळ
ठरलं. माफी मागायची. कॅमेऱ्याशिवाय! किलोभर चेरी घेतली.

१५ मे, संध्याकाळ
सासऱ्यांनी बसवलं. स्वतः किटली उचलली. चहा वर चढत गेला, काठाशी आला, थांबेना. "घ्या जावईबापू," म्हणाले, "भरलं प्रेम."
प्यालो, जीभ भाजली, टोपी घातली. दारापर्यंत गेलो, तर मागून हाक आली, "बसा. चुकलो म्हणायला आला होतात ना?"
म्हटलं. दुसरा पियाला अर्धा मिळाला.

१६ मे
पाळणा उद्या येणार. चहा मी ओतायचा, फोनला हात लावायचा नाही, अशी अट आहे.
कालचं सगळं मफ्तुनाने दाराआडून टिपलं आणि माझ्याच चॅनेलवर टाकलं. चाळीस हजार व्ह्यूज. शिवी एकही नाही. सगळे सासऱ्यांचे चाहते.
मी अर्थात कॉमेंट वाचत नाही. तंदूर_६७ ने शेवटी चॅनेल सबस्क्राइब केलं, एवढंच ओझरतं दिसलं. खाली त्याने लिहिलंय, "चॅनेलवरचा माणूस बदलला तेच बरं. नवा म्हातारा झकास आहे."