डावी फळी अजून चिकटच हाय

हैदराबाद,
२ मार्च २०२५

ती. आत्यास,
दिपाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला निम्मं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. जवसाचं तेल खवट होतं, कारण त्यात एक स्निग्ध आम्ल जास्त असतं. ते बनवायला लावणारं जनुक असतं. आम्ही असं प्रथिन घडवलंय, की ते त्या जनुकावर जाऊन बसतं आणि त्याला गप्प करतं. पण आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी तपासलं तर आमच्या तेलात तेच जुनं आम्ल निघालं. माझं तीन वर्षांचं काम मेअखेर बंद करणार म्हणतात.

मला पटत नाही. परवानगी काढून दोन बाटल्या पाठवल्यात. एक नंबर साधं तेल, दोन नंबर आमचं. बशांत उघडं ठेव आणि फक्त वास घे. तोंडाला लावायचं नाही. तुझ्या नाकावर माझा यंत्राहून जास्त भरवसा आहे.

माया आहे तशीच असू दे.

दिपा

पुसेगाव,
११ एप्रिल २०२५

चि. दिपास,
आत्याचे अ. उ. आ.

तुह्या दोन नंबराचं नाव काढू नको. पंधरा दिसांत असं खौट झालं की बशीपाशी मांजर बी येईना. तोंडाला लावू नको म्हणलीस, म्हणूनच लावलं. शी! तीन चुळा भरल्या, वरून गूळ खाल्ला, तरी वकारी जाईना. एक नंबर मात्र काल घाण्यावरून आणल्यावानी गोड. पोरी, तीन वर्सं हेच करून राहिलीस काहून?

तेल फेकायचं जिवावर आलं. आमचे हे होते तवा दरसाल दाराला जवसाचं तेल लावायचे. चार दिसांत वाळून लाकूड चकाकायचं. म्या बी लावलं. उजव्या फळीला दोन नंबर, डाव्या फळीला एक नंबर. उजवी चौथ्या दिशी कोरडी ठाक. डावी तीन हप्ते झाले तरी ओली! तिला धुरळा चिकटला, शेळीचे केस चिकटले, माशा मेल्या. शेजारची जनकाबाई चहाड्या सांगायला टेकली तर तिचा पदरच फळीला बसला. तेवढंच एक बरं झालं. मला दार लावतानी हाताला कागद गुंडाळावा लागून राहिला. किळस येती बघ. आखाजीच्या सणाच्या आत राखेनं घासून काढते.

जेवत जाय. आत्याला विसरू नको, आत्या तुला सोडत न्हाई.

द्वारका

हैदराबाद,
१७ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

दार घासू नकोस! जवसाचं तेल ज्या आम्लानं खवट होतं, त्याच आम्लानं ते लाकडावर वाळतं. डावी फळी वाळली नाही, म्हणजे एक नंबरच्या बाटलीत आमचं तेल होतं. नंबर इथंच उलटे लागले! सरांनी फक्त दोन नंबर तपासलं होतं. साधं तेल काय तपासायचं, म्हणाले होते.

आता एक नंबर तपासा म्हटलं तर चिडले. खेड्यातल्या दारावरून प्रयोगशाळा चालत नसते, म्हणे. पण एका नातलगाच्या लग्नाला हिंगोलीला येणार आहेत, तेव्हा जवळच म्हणून दार बघून जातील. सगळं त्या दारावर आहे गं. त्यांच्याशी नीट बोल.

तुझ्याच मायेच्या भरवशावर,
दिपा

पुसेगाव,
१२ मे २०२५

चि. दिपास,
अ. उ. आ.

तुझे सर येऊन गेले, हे तुला ठाऊक हाय. कसे गेले ते ऐक. पांढरा शर्ट, नाकाला रुमाल. दुरूनच म्हणले, आज्जी, तुमी तेलात काही मिसळलं असंल. मला आज्जी! माह्यापेक्षा दोन वर्सांनीच धाकटे असतील. म्या म्हणलं, नवरी बी जवळून बघतेत, दाराला हात तर लावा.

लावला. तळवा काढला तर मेली माशी संगंच आली. त्यांचं तोंड असं झालं, की जणू दोन नंबर त्यांनीच चाखलं! म्हणलं, आता वास घ्या. जनकाबाई उभीच होती, मंग मागं कसं सरणार? घेतला. मंग हळूच म्हणले, खवट न्हाई. तिथूनच फोन लावून एक नंबर तपासायला सांगितलं. हात धुवायला साबण हाय का इचारलं. घरात होता, तरी राखच देली.

तपासणीत तुहं तेल निघालं, काम चालू राहिलं, हे काल फोनवर सांगतानी तू रडलीस. मी न्हाई रडले. डोळ्यात राख गेली असंल.

दार घासलं न्हाई. तुह्या प्रथिनानं घाण केलं, तूच येऊन घास. लोभ मात्र डाव्या फळीवानी राहू दे, वाळू देऊ नको.

तुझी,
द्वारका आत्या