हिरव्या रंगाचा हातपंप

चि. तोराब, तुला आणि सूनबाईला अम्माची दुआ.

पद्मा ओलांडून नीट पोचले. मोमेनाला सातवा लागलाय, भात दोनदा मागून खाते. काळजी करू नकोस. नातवाचा खोकला गेला का?

इथे पाण्याला फार जपतात. चार घड्यांच्या साडीतून गाळतात, तुरटी फिरवतात, वर अर्धा तास उकळतात. आपण मेले अडाणी, वाळू, कोळसा नि लोखंडाच्या किसाच्या तीन कळश्यांवर भागवतो.

परवा अंगणातल्या पंपाचा हिरवा रंग विळीने खरवडून पाहिला. खाली सरकारी लाल निघाला. लाल म्हणजे पाण्यात जमिनीतलं विष, आर्सेनिक. ते साडीने गाळून जात नाही, लोखंडाच्या किसातच अडतं, उकळून तर आणखी दाट होतं.

विहीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "धाकटीला बघायला पाहुणे येतात. दारात लाल पंप असलेली मुलगी कोण करून घेईल? आणि उकळतो की आम्ही."

"आणि माझी लेक?"

"तिचं लग्न झालंय की."

मोमेनाच्या तळहातांवर तांदळाएवढे टणक दाणे आलेत. भांडी घासून झाले, म्हणते.

शुक्रवारच्या लाँचने तिला घेऊन निघते. जावयाला सांगितलेलं नाही. घाटावर उभा राहा, एकटा येऊ नकोस.

तुझी अम्मा