सकाय म्हणजे कधी?

धुळे. कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण.

तेलघाणीवरचं काम सुटून आज आठवा दिवस. रिकामा बसलो नाही. खोली सारवली, पाटीवर बाराखडी दोनदा काढली. पण डोळा खोलीतल्या शंकरच्या सदऱ्यावर. आजच का धुतला त्याने?

सकाळी कापसाच्या जिनावर गेलो. मुकादम म्हणाला, एकच माणूस घ्यायचाय, "सकाय येजो." आमच्या फैजपुराकडे सकाय म्हणजे सकाळ. मी म्हटलं, "सकायीच तर आलो, भाऊ!" सगळे हसले. हा कुठला, म्हणून एकाने विचारलंही, "कोठला शे रे हाऊ?"

मला वाटलं, टाळतोय. खोलीवर येऊन शंकरला सांगितलं. तो इकडचाच, नरडाण्याचा. म्हणाला, "अरे येडा, आमनाकडे सकाय म्हणजे उद्या शे." मग विचारलं, "एकच माणूस का?"

एकच, म्हणालो मी. कशाला बोललो? तोही महिनाभर बिनकामाचाच आहे. दुपारी बघतो तर सदरा धुवून दोरीवर. विचारलं तर म्हणे, "मळला व्हता."

महिनाभर नव्हता का मळला?

मीही माझा धुतला. दोन्ही एकाच दोरीवर आहेत. माझा जाड आहे, पहाटेपर्यंत वाळायचा नाही. ओलाच घालून जाईन.